गाडीत पिक्चर बघायचाय? आधी पिक्चर कुठून येणार ते ठरवा

नागपूर देशाच्या मध्यावर आहे आणि झिरो माइलचा दगड आपल्याकडे आहे, याचा आपल्याला फार अभिमान. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की इथून कुठंही जायचं म्हटलं की एक रात्र किंवा एक अख्खा दिवस गेलाच. मुंबई रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या वर, पुणंही तसंच लांब. दुरांतो धरा नाहीतर विदर्भ एक्सप्रेस, रात्र गाडीतच. अजनी-पुणे वंदे भारत दिवसा धावते, पण बारा तास खुर्चीत बसून काढायचे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला, ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता. गाडी चालवणाऱ्याला तो सुखाचा, मागच्या सीटवरच्या पोरांना मात्र तासाभरातच कंटाळा येतो.

म्हणून दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की कुणीतरी विचारतंच, "प्रवासात पिक्चर बघायला काहीतरी घ्यावं म्हणतो. टॅब घेऊ का?" आणि लगेच गाडी इंच, रॅम आणि कॅमेऱ्यावर घसरते. माझं म्हणणं असं की यंत्राचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि पिक्चर कुठून येणार ते आधी ठरवावं. एखाद्या ॲपमधून, घरच्या पेन ड्राइव्हमधून, की कपाटातल्या जुन्या सीडीवरून? हे ठरलं की निम्मी यंत्रं आपोआप बाद होतात, आणि बऱ्याच वेळा खिशातला मोबाइल तेवढा शिल्लक राहतो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. ट्रॅव्हल्सच्या बसवर 'व्हिडिओ कोच' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं, ड्रायव्हरच्या मागं वर टीव्ही टांगलेला, आणि क्लीनरच्या मनात येईल तो पिक्चर सगळ्या बसनं बघायचा. झोपायचं असेल त्यानंही तो ऐकायचाच. आता निवड आपल्या हातात आली, आणि डोकेदुखीही आपल्याच.

नेट असताना डाऊनलोड कशाला?

कारण गाडी चालत असते. चालत्या गाडीत मोबाइल सतत एक टॉवर सोडून दुसरा पकडत असतो. त्यातून एकाच गाडीतले हजारभर प्रवासी एकाच वेळी त्याच टॉवरवर जाऊन आदळतात. शेताशिवारातला टॉवर मुळात आसपासच्या दोन-चार गावांच्या हिशेबानं उभारलेला, त्याला हे झेपत नाही. ॲप पुढचा थोडा भाग आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे छोटा खंड कळत नाही. खंड लांबला की पडद्यावर चकरी फिरायला लागते.

आपल्याकडचे रस्ते या बाबतीत अजून कठीण. दिल्लीकडं जाणारी गाडी काटोल, पांढुर्णा, आमला करत सातपुड्यात शिरते आणि बैतूलनंतर घाट आणि बोगदे सुरू होतात. जबलपूरच्या रस्त्यावर पेंचचं जंगल आहे. समृद्धीवर इगतपुरीजवळचा बोगदाच जवळपास आठ किलोमीटरचा. नेमका रहस्य उलगडायची वेळ यावी आणि रेंज जावी, हा अनुभव ज्यानं घेतलाय त्याला जास्त सांगायला नको. तेव्हा प्रवासाचा पिक्चर घरच्या वायफायवर आदल्या दिवशी उतरवून ठेवायचा, हे गृहीत धरूनच पुढचं बोलतो.

ॲपमधला पिक्चर आणि बर्डीवरचा टॅब

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओसारख्या ॲपमधून डाऊनलोड केलेला पिक्चर आपल्या मालकीचा होत नाही. ती कुलूपबंद फाइल असते. त्याच ॲपमध्ये, त्याच यंत्रावर आणि ठरावीक मुदतीतच ती उघडते. नेटफ्लिक्सवर काही गोष्टी एकदा सुरू केल्या की ४८ तासांनी संपतात. प्राइम व्हिडिओवर भाड्यानं घेतलेला पिक्चर ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर बहुधा ४८ तासांत संपवायचा असतो. म्हणजे जाताना अर्धा बघितला आणि आठवड्यानं परतताना उरलेला बघू म्हटलं, तर तो जागेवर असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी. मोठा पडदा आहे, घरात आहेच, मग तोच नेऊ, असा विचार सहज मनात येतो. पण नेटफ्लिक्सनं २०२४ मध्ये विंडोजच्या ॲपमधून डाऊनलोडची सोय काढून टाकली, आणि मॅकवर ती कधी नव्हतीच. ब्राउझरमध्ये बघायचं तर नेट लागणार, आणि नेटचं काय होतं ते वर आलंच आहे. शिवाय स्लीपरच्या बर्थवर लॅपटॉप उघडायचा म्हणजे मांडीला चटके आणि शेजाऱ्याला कोपर. ऑफिसच्या कामासाठी नेत असाल तर गोष्ट वेगळी. फक्त पिक्चरसाठी लॅपटॉप वाहून नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिले मोबाइल आणि टॅब. इथं एक असा मुद्दा आहे जो खोक्यावर मोठ्या अक्षरांत कधीच नसतो आणि दुकानदारालाही बहुतेकदा ठाऊक नसतो. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, स्वस्तातला टॅब बघायला गेलात तर संभाषण साधारण असं होतं :

"भाऊ, यात नेटफ्लिक्स एचडी दिसते का?"

"काऊन नाही दिसणार? टू-के डिस्प्ले आहे ना दादा. अजून काय पायजे?"

डिस्प्ले टू-के असतो, म्हणजे आडव्या ओळीत दोनेक हजार ठिपके, त्यात खोटं काही नाही. पण ॲप त्या डिस्प्लेवर किती स्पष्ट चित्र पाठवणार हे डिस्प्ले ठरवत नाही. ते ठरवतं वाइडवाइन नावाचं कुलूप. गूगलची ही व्यवस्था अँड्रॉइडच्या जवळपास प्रत्येक मोबाइल-टॅबमध्ये असते आणि तिच्या पायऱ्या असतात. एल-वन म्हणजे कुलूप उघडायचं आणि चित्र सोडवायचं काम प्रोसेसरमधल्या वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात होतं. बाहेरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला तिथं डोकावता येत नाही, म्हणून ॲप निर्धास्तपणे एचडी चित्र देतं. एल-थ्री म्हणजे हेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. तिथून कोणी कॉपी मारेल ही भीती, म्हणून नेटफ्लिक्ससारखं ॲप ४८०पीच्या आसपासच थांबतं. पी म्हणजे चित्रात वरून खाली किती ओळी आहेत तो आकडा. एचडी ७२०पासून, फुल एचडी १०८०.

ब्रँडच्या मोबाइलमध्ये आजकाल एल-वन असतंच असं म्हणायला हरकत नाही. गडबड होते ती अनोळखी नावाच्या, मोठा पडदा आणि कमी किंमत अशा टॅबमध्ये. तपासायला सोपं आहे. दुकानातल्या डेमो पीसवर प्ले स्टोअरमधून 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं ॲप टाकून बघायचं. सिक्युरिटी लेव्हलपुढं एल-वन लिहिलेलं दिसलं पाहिजे. स्वतःच्या खात्यानं नेटफ्लिक्स उघडता येत असेल तर त्याच्या ॲप सेटिंग्जमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशनखालीही हेच दिसतं. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावा. ॲपलच्या आयपॅडवर कुलूप ॲपलचं स्वतःचं, त्यामुळे तिथं ही एल-वन, एल-थ्रीची भानगड नाही.

आणि एवढं सगळं करूनही एक फट राहते. तुमचा प्लॅन कोणता? नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइल-टॅबवर चालणारा प्लॅन डिसेंबर २०२१ मध्ये १४९ रुपयांवर आला, आणि त्यात चित्र ४८०पीच मिळतं. तो प्लॅन असेल तर एल-वनचा टॅब घेऊनही फरक पडत नाही. मोबाइलच्या सात सेंटिमीटर उंचीच्या चित्रात ४८० ओळी दाटीनं बसतात, डोळ्याला खटकत नाहीत. तेच चित्र अकरा इंची टॅबवर ताणलं की चेहरे पुसट दिसायला लागतात. १४९चा प्लॅन आणि मोठा टॅब ही जोडी म्हणजे पैसे एकीकडं वाचवून दुसरीकडं घालवणं.

पेन ड्राइव्हवरचा पिक्चर

लग्नाचं रेकॉर्डिंग, शाळेतल्या गॅदरिंगचा व्हिडिओ, विकत घेतलेल्या किंवा हक्कानं मिळालेल्या फाइली, यांना वरचं कुलूप नसतं. त्या कुठल्याही यंत्रावर, कितीही दिवस चालतात, लॅपटॉपवरसुद्धा. इथं प्रश्न वेगळे असतात.

पहिला जागेचा. फाइलचा आकार पिक्चर किती वेळाचा आहे यावर जेवढा ठरतो तेवढाच दर सेकंदाला किती माहिती खर्च होते यावरही ठरतो. सेकंदाला दोन मेगाबिट धरा. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, म्हणजे १४,४०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागिले आठ : १,८०० मेगाबाइट, म्हणजे पावणेदोन जीबीच्या थोडं वर. ६४ जीबीचा टॅब घेतला तरी त्यातली पंधरा-वीस जीबी त्याची स्वतःची यंत्रणाच खाते. उरलेल्या जागेत असे वीसेक पिक्चर बसतात. एका प्रवासाला पुष्कळ झाले. मेमरी कार्डाची सोय असली की मग चिंताच नाही. फक्त एक अडचण लक्षात ठेवा : कार्ड किंवा पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-थर्टीटू पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही. जागा रिकामी दिसते आणि कॉपी मात्र होत नाही, म्हणून माणूस कार्डच खराब समजतो. एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट केलं की काम होतं.

दुसरा प्रश्न कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धतीचा. एच.२६४ ही २००३ची पद्धत, आज जवळपास प्रत्येक यंत्राला येते. एच.२६५ आली २०१३ मध्ये. तेवढंच चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. एव्ही-वन २०१८ची, अजून नवी. नऊवारी जितकी घट्ट घडी घालून ठेवावी तितकी ट्रंकेत जागा वाचते, पण नेसताना ती उलगडायला वेळ लागतो, तसंच इथं. जास्त दाबलेला व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरला जास्त मेहनत पडते. त्या पद्धतीसाठी चिपमध्ये खास सोय असेल तर हे काम कमी बॅटरीत होतं. नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, टॅब गरम होतो, चित्र अडखळतं आणि वर्धा यायच्या आत चार्जिंग डोळ्यांदेखत उतरतं. जुना टॅब असेल तर फाइली एच.२६४मध्येच असाव्यात.

चित्र दिसतं पण आवाज येत नाही, ही तक्रारही नेहमीची. बऱ्याच फाइलींमध्ये आवाज थिएटरसाठीच्या डॉल्बी किंवा डीटीएस प्रकारात असतो आणि काही प्लेअर परवान्याच्या कारणानं ते वाजवत नाहीत. व्हीएलसी नावाचं प्लेअर ॲप वाजवतं, आणि ते फुकट आहे. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं दिसली तर ती सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत पुन्हा सेव्ह करायची.

आजीची नाटकं

सीडी-डीव्हीडीचा जमाना गेला असं आपण म्हणतो, पण नाटकांच्या व्हीसीडींचे गठ्ठे अजून कितीतरी घरांत आहेत. त्यातली काही ॲपवर सापडतात, बरीच सापडत नाहीत. एखाद्या आजीला तेच नाटक, त्याच संचातलं बघायचं असतं, आणि तिचं बरोबर आहे.

यासाठी पुस्तकासारखा उघडणारा छोटा डीव्हीडी प्लेअर असतो. पॅनासॉनिकनं असा पहिला १९९८ मध्ये आणला होता. आजही ऑनलाइन साध्या कंपन्यांचे मिळतात. पडदा सात ते दहा इंच, चित्र बेताचंच. पण डिस्क टाकली की सुरू होतो. खातं नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. ज्यांना टॅबवर चुकून कुठंतरी बोट लागून भलतंच उघडल्याचा धसका बसलाय त्यांच्यासाठी हे मोठं सुख आहे. तोटा असा की गाडी जोरात हलली की चकती वाचणारा लेझर चुकतो आणि चित्र अडकतं. रेल्वेत फारसा त्रास होत नाही, एसटीच्या लाल परीत मात्र होतो.

दुसरा उपाय नातवानं करायचा. व्हीसीडीवर कुलूप नसतं. ती कॉम्प्युटरच्या डिस्क ड्राइव्हमध्ये टाकली की एम्पेगएव्ही नावाचा फोल्डर दिसतो. त्यातली मोठी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली की व्हीएलसीमध्ये ती थेट चालते. घरच्या डिस्कची घरच्यांसाठी एक प्रत, एवढ्यावर थांबावं. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्यामुळे महागडा पडदा घेऊन ते सुधारत नाही. नाटकात कानाला जास्त काम असतं म्हणून चालून जातं.

इंचांचा हिशेब

आता पडद्याकडं वळू. जाहिरातीतला इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर. पडदा लांबट असला की तेवढ्याच इंचात क्षेत्रफळ कमी भरतं. आजचे मोबाइल लांबट आहेत, टॅब बरेच चौकोनी आहेत, आणि पिक्चरही सगळे एकाच आकाराचे नसतात. त्यामुळे ६.७ इंची मोबाइल आणि ११ इंची टॅब यांच्यातला खरा फरक तुम्ही काय बघता त्यावर अवलंबून आहे.

मी कागदावर मांडून बघितलं. २०:९ आकाराचा ६.७ इंची मोबाइल आणि १६:१० आकाराचा ११ इंची टॅब घेतला. थिएटरसाठी काढलेला रुंद, सिनेमास्कोप पिक्चर मोबाइलवर साधारण साडेपंधरा बाय साडेसहा सेंटिमीटर दिसतो. टॅबवर तो पावणेचोवीस बाय दहा. वरखाली मोठाल्या काळ्या पट्ट्या. क्षेत्रफळ सव्वादोन-अडीच पट, त्याहून जास्त नाही. हल्लीच्या मालिका, वेब सीरिज १६:९मध्ये असतात. त्या टॅबवर साडेतीन पटींहून मोठ्या दिसतात. आणि जुनी दूरदर्शनच्या काळातली ४:३ आकाराची मालिका किंवा नाटकाचं रेकॉर्डिंग घेतलं तर मोबाइलवर ते मधोमध नऊ बाय सात सेंटिमीटरच्या चौकटीत अडकतं, तर टॅबवर त्याच्या साडेचार पट होतं. म्हणजे ॲक्शनपट बघणाऱ्या कॉलेजच्या पोराला टॅबचा जेवढा फायदा, त्याच्या दुप्पट जुन्या मालिका बघणाऱ्या काकूंना. घरात टॅब कोणाच्या हट्टासाठी येतो आणि कोणाला खरा लागतो, यावर यातून वाद पेटू शकतो.

अंतराचंही आहे. ६.७ इंची मोबाइल ३० सेंटिमीटरवर धरला तर डोळ्याला तो तीन मीटरवरच्या ६७ इंची टीव्हीएवढाच दिसतो, हिशेब सरळ आहे. मग टॅब कशाला? कारण डोळ्यातल्या भिंगाला जवळचं बघायला सतत जोर लावावा लागतो, आणि चाळिशीनंतर ते जमत नाही. तरुण माणूस मोबाइलवर तीन तास काढतो, त्याचे वडील चष्मा कपाळावर-नाकावर करत अर्ध्या तासात कंटाळतात. टॅब दीड हातावर ठेवून बघता येतो, हा त्याचा खरा उपयोग. तरुणांनीसुद्धा दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडं बघावं, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे असतील तर हा उपचार फुकटात होतो.

वजनाचा विचार दुकानात कोणी करत नाही. मोबाइल दोनशे ग्रॅमचा, अकरा इंची टॅब अर्ध्या किलोचा. वरच्या बर्थवर उताणं झोपून अर्धा किलो तोंडावर धरून बघा; डोळा लागला की तो सरळ नाकावर येतो. टॅब घेणार असाल तर उभं राहणारं कव्हर त्याच दिवशी घ्या.

बसमध्ये काहींना पडद्याकडं बघून मळमळतं, त्याचं कारण सोपं आहे. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की शरीर हलतंय, डोळा सांगतो की समोरचं स्थिर आहे. मेंदूला दोन्ही जुळवता येत नाहीत. मान खाली घालून मांडीतला पडदा बघितला की खिडकी नजरेतून पूर्ण सुटते आणि त्रास वाढतो. पुढच्या सीटच्या पाठीला, डोळ्यांच्या उंचीवर लटकणारा स्टँड यासाठीच चांगला. मुलांसाठी तर नक्कीच, नाहीतर बोरखेडीच्या टोलनाक्याआधीच गाडी बाजूला घ्यावी लागते.

ऊन, उकाडा आणि चार्जिंग

पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त टॅब तीनशे-चारशे निट्सचे असतात. घरात ते पुरतात. दिवसाच्या गाडीत खिडकीशेजारी बसलं की पिक्चरऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं, रात्रीचा प्रसंग असेल तर काहीच दिसत नाही. चांगले मोबाइल उन्हात हजार निट्सच्या वर जातात, त्यामुळे दिवसाच्या प्रवासात छोटा मोबाइल मोठ्या स्वस्त टॅबपेक्षा बरा, हे अनेकांना पटत नाही पण खरं आहे. ओएलईडी पडद्यात काळा भाग म्हणजे बंद ठिपका; त्यामुळे काळा खरा काळा दिसतो आणि अंधारे प्रसंग कमी बॅटरी खातात.

नागपूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागेल. ॲपल आपल्या मोबाइल-टॅबसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, इतर कंपन्यांचंही फार वेगळं नसतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, आपल्याकडं सावलीतच पारा ४५ गाठतो. त्यात पिक्चर चालू, वर चार्जिंग चालू, म्हणजे तिन्हीकडून उष्णता. यंत्र स्वतःच उजेड कमी करतं, चार्जिंग थांबवतं. तो बिघाड नव्हे, ती बॅटरी वाचवायची धडपड आहे. बिनएसीच्या स्लीपरमध्ये दुपारी चार्जिंगला लावून पिक्चर बघू नये. आणि उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवून जेवायला जाऊ नये. अशानं बॅटरी फुगते, मग पडदा कडेनं उचलला जातो, आणि त्यानंतर ते यंत्र वापरू नये.

रेल्वेत सॉकेट असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रेल्वेनं २०२१ मध्ये आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग बंद ठेवायचं ठरवलं होतं. शिवाय सॉकेट ढिला असतो. जड चार्जर लावला की गाडीच्या हिसक्यानं निसटतो आणि सकाळी पाच टक्के दिसतात. हलका चार्जर आणि दोन मीटरची केबल, एवढ्यानं बराच प्रश्न सुटतो.

पॉवर बँकेवरचा आकडा फसवा असतो. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा. बाहेर निदान पाच व्होल्ट द्यायचे, त्यात काही ऊर्जा उष्णतेत जाते. हातात साधारण सहा हजारच पडतात. मागं बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून तोच खरा आकडा छापलेला असतो. पाच हजारांचा मोबाइल एकदा भरून थोडं उरतं, आठ हजारांचा टॅब मात्र पूर्ण भरत नाही. टॅबसाठी २०,०००ची घ्यावी. ती ३.७नं गुणून वॉट-अवरमध्ये ७४ भरते. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, पण पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनच्या सामानात टाकता येत नाही.

कानाचं

पडद्यावर पंधरा हजार घालणारा माणूस इअरफोनवर दीडशे घालतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. गाडीत संवाद कळत नाहीत त्याचं कारण रुळांचा आणि इंजिनचा खालच्या पट्टीतला सलग आवाज. तो दाबायला आपण आवाज वाढवतो आणि कान बधिर करून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्यानं कमी होतात. कानात नीट बसणाऱ्या रबरी टोकांचे इअरफोन बाहेरचा बराच आवाज अडवतात. नॉइज कॅन्सलिंग नेमका हा सलग घरघराट कापतं, शेजारच्यांच्या गप्पा मात्र तितक्या कापत नाही. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. बहुतेक प्लेअर चित्रही तेवढंच थांबवून ओठ जुळवून घेतात, काही घेत नाहीत. नवरा-बायकोला एकच पिक्चर बघायचा असेल तर वायरीचे दोन इअरफोन आणि एक छोटा जोडणारा स्प्लिटर, यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. टॅबला गोल भोक आहे का, ते तेवढ्यासाठी बघून घ्यावं. इअरफोनशिवाय मोठ्यानं लावायला रेल्वेच्या नियमानं बंदी आहे, आणि रात्री दहानंतर टीसीनं टोकलं तर तक्रार करायला जागा नाही.

डोळ्यावर घालायचे पडद्याचे चष्मे आणि छोटे प्रोजेक्टर यांच्याबद्दलही विचारणा होते. चष्म्याला मोबाइलच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर यावं लागतं, आणि स्वस्त-मध्यम मोबाइलमध्ये ती सोयच नसते. प्रोजेक्टर गाडीत चालवायची वस्तू नाही, मुक्कामी पोचल्यावर गच्चीवर लावायची आहे. दोन्ही सध्या सोडून द्या.

तर, एकटे फिरता आणि डोळे चांगले आहेत? मोबाइल, स्टँड, चांगले इअरफोन. नवं यंत्र नको. मुलं किंवा चाळिशीपुढचं कोणी बरोबर आहे? मेमरी कार्डवाला, एल-वनचा दहा-अकरा इंची टॅब. घेतलात की निघायच्या आदल्या रात्री एक काम करा. पिक्चर उतरवून झाले की एअरप्लेन मोड लावा आणि प्रत्येक पिक्चर अर्धा मिनिट चालवून बघा. काही ॲप पहिल्यांदा फाइल उघडताना नेटवरून परवाना तपासतात; तो घरीच तपासून झाला पाहिजे, स्टेशन सुटल्यावर नाही.